मंगळवारचा धूर

२ मे, गुरुवार
आवाज: घोगरा. दहापैकी चार.

रोज आवाजाची नोंद ठेवायची, असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे. चार ओळी पुरेत म्हणाल्या. आज पहिलाच दिवस, म्हणून जरा जास्त लिहितो. नाकातून नळी घालून त्यांनी मला माझाच घसा पडद्यावर दाखवला. बत्तीस वर्षं ज्याच्या जिवावर मिरवलो तो ऐवज असा दिसतो हे माहीत नव्हतं. मासळीच्या दुकानात असला तुकडा मी घेतला नसता. स्वरतंतू सुजलेत, डाव्यावर गाठ आहे. तीन महिने वरचे सूर बंद, नाहीतर शस्त्रक्रिया. मी शहाण्या मुलासारखी मान डोलावली. वीस जुलैला तलावकाठच्या महोत्सवात आमचा कार्यक्रम आहे, हे काही त्यांना सांगितलं नाही.

बँडमध्येही गाठीचं बोललो नाही. का बोलायचं? 'हाल्ला' म्हणजे आम्ही चौघं: काउको गिटारवर, उंतो बेसवर, पेर्ती ड्रमवर आणि मी, इल्पो, सगळ्यांच्या पुढे. १९८७ सालच्या पहिल्या तबकडीतलं 'लोखंडी दार' लोक अजून मागतात, आणि त्यातही त्यांना हवी असते शेवटची किंकाळी. आठ सेकंदांची, अगदी टिपेची. ती गेली की मी कोण? आठवड्याचे पाच दिवस लोकांना गाडी शिकवणारा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. ही वही शिकवणीच्या गाडीत, जादा चाकाखाली ठेवणार आहे.

८ मे, बुधवार
आवाज: चार. बोललोच नाही फारसा.

काल एका विद्यार्थिनीला खडीच्या रस्त्याचा सराव देत होतो. काउकोच्या शेतावरून गेलो, तर त्याच्या सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्यातून धूर. दारात उंतोची निळी गाडी आणि पेर्तीची व्हॅन.

आमचा सराव शनिवारी असतो. काउकोच्या जुन्या बटाट्याच्या गोदामात आधी सराव, मग शेजारी सॉना, मग सॉसेज. बँड सुरू झाला तेव्हापासूनचा हा नेम. मग मंगळवारी सॉना कसला? आणि मला निरोप का नाही? विद्यार्थिनीला म्हटलं, जरा हळू घे. ती म्हणाली, "थांबलेच आहे मी."

आरशात बघायची मला सवय आहे. पुढे काय चाललंय ते सगळेच बघतात, मागे काय चाललंय ते मी बघतो. इथे नक्कीच पाणी मुरतंय.

शिवाय हे कसं करतात ते मला ठाऊक आहे, कारण आम्हीच केलंय. १९९१ साली ओस्मो आमचा दुसरा गिटारवाला होता. प्यायचा, तालाला चुकायचा. आम्ही तीन आठवडे मंगळवारी त्याच्याशिवाय सराव केला आणि एका नव्या माणसाकडून, जो पुढे वर्षभरही टिकला नाही, सगळी गाणी बसवून घेतली. ओस्मोला कोणी तोंडाने एक शब्द सांगितला नाही. गोदामात जाकिटं अडकवायला ज्याचा त्याचा खिळा आहे. एका शनिवारी ओस्मो आला, तर त्याच्या खिळ्यावर परक्याचं जाकीट. तो गिटार न काढताच परत गेला. मंगळवारची कल्पना माझी होती.

खाई त्याला खवखवे म्हणतात. माझा घसा तर तसाही खवखवतोय.

११ मे, शनिवार
आवाज: सहा! सहाच काय, साडेसहा.

आज सरावाला गेलो. 'लोखंडी दार' सुरू झालं तेव्हा मनाशी ठरवलं होतं की किंकाळीच्या वेळी खोकल्याचं सोंग आणायचं. पण घसा आपणहून मोकळा झाला. सूर लागला, लागला तो टिकला. श्रेय घशासाठी चोखतो त्या पाइनच्या डांबराच्या गोळ्यांना. सॉना, दारू आणि डांबर यांनी गुण आला नाही तर सरळ पाद्र्यालाच बोलवावं, असं आमच्याकडे म्हणतात ते उगीच नाही. डॉक्टरीणबाईंचं यंत्र एकीकडे आणि डांबर एकीकडे.

आता गंमत बघा. बत्तीस वर्षांचा सोबती महिनोन्‌महिन्यांनी असा गातो, तर माणूस चार शब्द बोलेल की नाही? काउकोने पेर्तीकडे बघितलं, पेर्तीने जमिनीकडे. उंतो हसला, तेही पाठ करून. यांना माझा आवाज बरा झालेला नकोय, हे माझ्या तिथल्या तिथे लक्षात आलं.

सॉनात वरच्या फळीवर बसल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "मंगळवारी तापवला होतास का रे?"

"हो," काउको म्हणाला.

"कशाला?"

"घाम यायला."

हा माणूस तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होता. त्याच्याकडून उत्तर निघतं, रीत निघत नाही.

निघताना कचऱ्याच्या डब्यात गिटारच्या तारांची रिकामी पाकिटं दिसली. जाड्या तारांची. काउको जन्मात जाड्या तारा वापरत नाही, बोटं दुखतात म्हणतो. म्हणजे मंगळवारी गिटार वाजवणारा हात दुसराच कोणाचा तरी आहे. एक माणूस बाहेरून आलेला आहे, हे नक्की.

२५ मे, शनिवार
आवाज: सात.

पोहोचल्या पोहोचल्या आधी खिळा बघितला. रिकामा होता. माझंच जाकीट अडकवलं आणि चारदा मागे वळून बघितलं.

उंतोच्या बोटांना चिकटपट्ट्या. "काय झालं?" तर म्हणे, लाकडं फोडली. उंतोच्या घरी विजेची शेगडी आहे आणि विजेवर चालणारा हीटर आहे. तो लाकडं फोडतो ती कोणासाठी?

आवाज मात्र चढतोच आहे. आज किंकाळी सात सेकंद. मी मुद्दाम काउकोच्या तोंडासमोर जाऊन मारली.

५ जून, बुधवार
आवाज: सात.

काल मंगळवारी पुन्हा धूर. गेले चार मंगळवार मी शिकवणीचा रस्ता तोच ठेवला आहे. कालचा विद्यार्थी शेवटी म्हणाला, "सर, परीक्षा शहरात असते ना? मग आपण रोज बटाट्यांच्यातच का फिरतोय?" त्याला सांगितलं, खडीवर ज्याला गाडी येते त्याला कुठेही येते. खोटं नाही ते. पण त्याच्या आईचा फोन आला.

खिडकी उघडी होती, गोदामातून 'लोखंडी दार' ऐकू आलं. गाणारं कोणी नव्हतं. तीच ओळ वाजवत होते, थांबत होते, पुन्हा वाजवत होते. बत्तीस वर्षं जे गाणं हे झोपेत वाजवतात, ते आता कोणाला शिकवताहेत?

८ जून, शनिवार
आवाज: साडेसात.

आज पुरावा हाती लागला. गाण्यांच्या यादीचा कागद काउकोच्या अॅम्पवर पडला होता. प्रत्येक गाण्यापुढे त्याच्या गणिताच्या अक्षरात आधी "−१" लिहून खोडलं होतं आणि मग "−२". सगळ्याच गाण्यांपुढे. मी ती यादी तीनदा वाचली.

गुण कापताहेत माझे! मास्तर तो मास्तरच राहणार. आधी एक कापला, पुढे दोन. रीतसर हिशेब ठेवला जातोय, म्हणजे एक दिवस कागद समोर ठेवून म्हणतील, बघ बाबा, नापास झालास.

विचारावं असं वाटलं. पण विचारलं तर उत्तर येईल, आणि ते ऐकून घ्यायची तयारी नव्हती. सॉनात न बसता घरी आलो. कोणी थांबवलं नाही. पेर्ती एवढंच म्हणाला, "सॉसेज उरतील."

१३ जून, गुरुवार
आवाज: सात. संतापाने थोडा बसलाय.

काउकोची गाडी चर्चबाहेर! हा माणूस पोरीच्या लग्नालासुद्धा चर्चमध्ये अवघडून उभा होता. आणि चर्चमध्ये असतं कोण? माझी थोरली बहीण हेल्का. ती तिथे ऑर्गन वाजवते आणि गायकवृंद सांभाळते. गायकवृंदात कोण आहे? यार्को वुओले, विम्याचा एजंट, वय पस्तीस, सगळ्या मयतींना गातो. आवाज वरपर्यंत जातो त्याचा, हे मीही मान्य करतो.

सगळे दुवे जुळले. गाडी लावून दहा मिनिटं बसून राहिलो. यार्को बाहेर आला. केस मानेपर्यंत! मार्चमध्ये त्याने माझ्या गाडीचा विमा केला तेव्हा त्याचं डोकं अंड्यासारखं तासलेलं होतं. विम्याचा एजंट उगीच केस वाढवत नाही.

सख्खी बहीण. लहानपणी मी वरच्या पट्टीत ओरडलो की ही कानात बोटं घालायची. आता माझ्या जागी चर्चचा माणूस बसवतेय.

१७ जून, सोमवार
आवाज: सात.

यार्को किराणा दुकानात भेटला. मी त्याच्या ढकलगाडीला माझी आडवी लावली.

"उन्हाळ्यात काय बेत?" मी विचारलं.

"जुलैत फार धावपळ आहे," तो लाजून म्हणाला. "लोकांसमोर पहिल्यांदाच उभा राहणार. धाकधूक वाटतेय. तुम्हाला काय, सवय आहे."

एवढा निगरगट्टपणा मी आजवर पाहिला नाही. वर मला विचारतो, आवाज टिकवायला काय घेता? मी म्हटलं, थंडगार बिअर आणि धूळ.

२२ जून, शनिवार
आवाज: नऊ. होय, नऊ.

काल तलावावर उन्हाळसणाची, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाची, होळी पेटवली. सगळा गाव होता. बटाटे, मासे, डास, नेहमीचंच. कोणीतरी ओरडलं, "इल्पो, दार उघड!" मग काय, धक्क्यावर उभा राहिलो आणि साथीविना 'लोखंडी दार'ची शेवटची ओळ घेतली. किंकाळी आठ सेकंद. समोरच्या काठावरून टाळ्या आल्या. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, लपवत नाही. वाटलं, पुन्हा सव्वीस वर्षांचा झालो.

हेल्का जवळ आली. अभिनंदन नाही, काही नाही. म्हणते कशी, "सुरुवात कुठल्या सुरावरून केलीस?"

"तोंडातून आला त्या सुरावरून," मी म्हटलं.

तिने काउकोकडे बघितलं. काउकोने माशाचा काटा काढण्यात डोकं घातलं. मत्सर, दुसरं काय? पण काल एक पक्कं ठरवलं. आता गप्प बसायचं नाही. गावाला आधी माझ्या बाजूने करून घ्यायचं, मग बघू कोण माझ्या खिळ्यावर जाकीट अडकवतो ते.

२८ जून, शुक्रवार
आवाज: आठ.

आज पेपरात मुलाखत आली, अर्धं पान, फोटोसकट. मथळा: "अर्धा सूरही उतरलो नाही!" मी त्या वार्ताहर मुलीला स्पष्ट सांगितलं, आजकालचे म्हातारे गायक गुपचूप गिटारची पट्टी उतरवून घेतात आणि लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकतात. ती फसवणूक आहे. आमची गाणी १९८७ साली ज्या पट्टीत होती त्याच पट्टीत वीस जुलैला ऐका. ज्या दिवशी ते जमणार नाही त्या दिवशी मी माइक खाली ठेवीन. हेही छापलंय, चौकटीत.

आता काढा म्हणावं मला.

२९ जून, शनिवार
आवाज: आठ.

पेपर गोदामातल्या टेबलावर होता. सगळ्यांनी वाचलेला दिसत होता, कॉफीचे डाग पडले होते.

"वाचलं," काउको म्हणाला.

"फोटो छान आलाय," उंतो म्हणाला.

पेर्तीला पिशवीतून काठ्या काढायला फार वेळ लागला. मग काउकोने विचारलं, "त्या पेपरवालीला हे सगळं सांगायची गरज होती का?"

"का रे? खोटं आहे का काही?"

त्याने मान वर केली. वाटलं, आता बोलेल. त्याने गिटारच्या खुंट्या पिळायला घेतल्या आणि म्हणाला, "चला, पहिल्यापासून."

घाबरलेत. वार नेमका बसलाय.

११ जुलै, गुरुवार
आवाज:

रकाना मोकळा सोडलाय. काय लिहावं कळत नाही.

आज रंगेहाथ पकडायचं म्हणून चर्चमागच्या सभागृहात शिरलो. काउकोची गाडी बाहेर होतीच. आतून पियानोवर 'लोखंडी दार' ऐकू येत होतं. मी दार ढकललं. हेल्का पियानोवर, काउको शेजारी खुर्चीत मांडीवर टोपी घेऊन. तिसरं कोणी नाही.

"कुठाय तो?" मी ओरडलो.

"कोण?" हेल्का म्हणाली.

"यार्को! त्याचे केस कशासाठी वाढलेत ते मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?"

"उन्हाळी नाटकात लाकूडतोड्या झालाय तो. जुलैभर प्रयोग आहेत. तिकिटं मीच विकतेय, देऊ एक?"

हेल्काने काउकोला म्हटलं, "सांग की आता."

"तूच सांग," काउको टोपीकडे बघत म्हणाला.

"मेले सगळे भित्रे," हेल्का म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "इल्पो, तू ती किंकाळी कुठल्या पट्टीत मारतोस?"

"मूळ पट्टीत. सगळ्या गावाला माहीत आहे."

तिने पियानोवर एक पट्टी दाबली. "हा तबकडीतला सूर. गा."

मी गायलो. म्हणजे तोंड उघडलं. गिअर न बसता गाडी करकरते तसा आवाज आला आणि बंद पडला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने हात वर केला. मग डावीकडे सरकून दुसरी पट्टी दाबली. "आता हा. हा तुझा शनिवारचा."

ती माझ्या ओळखीची जागा होती. मेपासून मी जिथे उभा राहून छाती पुढे काढत होतो ती जागा. तीसुद्धा आज ओढून आणावी लागली.

हेल्काने सगळं सांगितलं. ते तिघं दोन महिने गाणी उतरवताहेत. मेमध्ये अर्धा सूर, जूनमध्ये आणखी अर्धा. कागदावरचं वजा एक, वजा दोन म्हणजे तेच. पट्टी उतरवली की बारीक तारा ढिल्या पडून खडखडतात, म्हणून जाड्या तारा. जाड्या तारांनी उंतोची बोटं सोलली. मंगळवारी ते खालच्या पट्टीत हात बसवत होते, म्हणजे शनिवारी मला फरक कळू नये. काउको तिच्याकडे येत होता तो एवढंच विचारायला, की गाणं न मरता किती खाली नेता येतं आणि माझा गळा किती ओझं घेईल.

"मला का नाही सांगितलंत?" मी काउकोला विचारलं.

"सांगणारच होतो. पहिल्या शनिवारी," तो म्हणाला. "पण तू इतका खूश होतास. जानेवारीपासून हसला नव्हतास."

"मला फसवलंत तुम्ही."

"हो," काउको म्हणाला.

मी दार आपटून निघालो. ते दार आपोआप हळू मिटणारं आहे, तेही जमलं नाही.

१३ जुलै, शनिवार
आवाज: कोणाशी बोललोच नाही.

सरावाला गेलो नाही. फोन आला नाही.

दोन दिवस स्वतःशी भांडतोय. आधी वाटलं, यांना सोडायचं नाही. माझ्या नकळत माझ्या गळ्याला कुबडी लावली आणि मी पेपरात नाचून आलो. सगळ्या गावात माझं हसं होणार. मग लक्षात आलं की ते होऊ नये म्हणून तिघांनी तोंडं शिवून घेतली आहेत. पेपर टेबलावर होता तेव्हाही. मी त्यांना फसवे म्हटलं, अर्ध्या पानात, आणि उंतो म्हणाला फोटो छान आलाय. लाज वाटते. ओस्मोसाठी आम्ही मंगळवारी जमलो ते त्याला काढायला. माझ्यासाठी जमले ते मला ठेवायला. धूर तोच, मला दुसरं काही सुचलंच नाही.

दुपारी पायरीवर पुडकं सापडलं. धुरावलेला मासा, पेपरात गुंडाळलेला. माझ्या मुलाखतीचंच पान. काउकोने हे मुद्दाम केलं की हाताला आला तो कागद घेतला, हे त्याच्या बाबतीत कधीच कळणार नाही. मासा उत्तम होता.

१७ जुलै, बुधवार
आवाज: पाच. खरा पाच.

काल मंगळवारी गेलो. धूर दिसला, गाडी वळवली. सोबत विद्यार्थी नव्हता. गोदामात तीन जाकिटं होती आणि माझा खिळा मोकळा. त्यावर अडकवलं आणि सॉनात शिरलो. तिघं फळीवर बसले होते. कोणी आश्चर्य दाखवलं नाही. उंतो थोडा सरकला.

मी दगडांवर पाणी ओतलं. वाफ अंगावर आली. नागडा माणूस खोटं बोलत नाही म्हणतात, निदान त्याला ते लपवायला जागा नसते.

"माझ्या घशात गाठ आहे," मी म्हणालो. "मेपासून माहीत आहे. तुम्हाला सांगितलं नाही."

"गाठ आहे ते माहीत नव्हतं," पेर्ती म्हणाला. "काहीतरी आहे ते माहीत होतं. ड्रम बडवतो म्हणून बहिरा नाही झालो मी."

"मला वाटलं, तुम्ही मला काढताय."

"काढून कुठे टाकणार?" उंतो म्हणाला. "कचऱ्यातसुद्धा हल्ली वर्गवारी करावी लागते."

हसू दाबायला मी पुन्हा पाणी ओतलं. मग जे बोलायला आलो होतो ते बोललो. अठ्ठावन्न वर्षांत असं काही कोणाकडे मागितलं नव्हतं.

"आहे त्या पट्टीतही ओढ बसते रे मला. अजून अर्धा सूर उतरवाल?"

काउको खालच्या फळीवर उतरला, बादलीत डोकं बुडवलं आणि पुसत पुसत म्हणाला, "उतरवलाय. मागच्याच मंगळवारी. शनिवारी आला असतास तर कळलं असतं."

मी तोंड फिरवलं. सॉनात एक बरं असतं, तोंड सगळ्यांचंच ओलं असतं.

२१ जुलै, रविवार
आवाज: गेला. अजिबात नाही. हाताने लिहायचं आहे म्हणून ठीक.

काल दुपारी चारला स्टेजवर चढलो. ऊन, धूळ, तलावाकडून वारा. पुढे सगळे आमच्याच वयाचे, पोटावर ताणलेल्या जुन्या टी-शर्टांवर 'हाल्ला'. 'लोखंडी दार' शेवटचं होतं. काउकोने सुरुवातीला हात उचलला, मी त्याला थांबवलं. हे मी कोणाला सांगून ठेवलं नव्हतं.

"पेपरात मी म्हणालो होतो की अर्धा सूरही उतरलो नाही," मी माइकवर म्हणालो. "ते खरं नाही. हे गाणं आता दीड सूर खाली आहे. या तिघांनी माझ्यासाठी उतरवलंय. माइक खाली ठेवीन असंही म्हणालो होतो. तुम्ही सांगाल तसं करतो."

मैदान गप्प. आमच्याकडे लोक गप्प राहतात तेव्हा त्याचा अर्थ काहीही असू शकतो, म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. मग पुढून एक टकला, हातात बिअरचा प्लॅस्टिकचा ग्लास धरलेला माणूस ओरडला:

"आम्ही पण उतरलोच आहोत की! गा तू!"

आणि जो हशा उठला, तो पार मागच्या पिवळ्या संडासांपर्यंत गेला. पेर्तीने काठ्या वाजवून चार मोजले. किंकाळी पाच सेकंद. सहावा सेकंद खोकल्याचा होता. काउको पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला, दात दाखवून.

उद्या ही वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. रागावतील, आणि शस्त्रक्रियेची तारीख देतील. घेईन. काल स्टेजवरून उतरल्यावर सामान व्हॅनमध्ये भरताना मी काउकोकडे ओस्मोचा नंबर मागितला. आवाज नव्हता, कागदावर नाव लिहून दाखवलं. त्याने नाव वाचलं.

"कशाला?"

मी लिहिलं: सॉनाला बोलवायचंय.

"मंगळवारी?"

मी लिहिलं: शनिवारी.